‘बघूत’ म्हणजे नाही का? धंद्यातल्या नकाराबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रेणापूर तालुक्यात आमचा लाकडी घाणा आहे. करडी, शेंगदाणा, थोडंफार तीळ. नव्यानं धंद्यात पडलेली पोरं, बचत गटाच्या ताया, कधी पुण्यातली नोकरी सोडून गावाकडं आलेला एखादा इंजिनिअर, असे फोन येत असतात. तेलाबद्दल फार कमी विचारतात. ‘ते नाही म्हणाले, आता काय करू?’ हेच जास्त. दरवेळी तेच बोलून घसा बसतो, म्हणून एकदाचं लिहून ठेवतोय. जो प्रश्न आधी आठवला तो आधी घेतलाय, क्रमाला दुसरा अर्थ नाही.

दुकानदार ‘बघूत’ म्हणतो. हे हो समजायचं की नाही?

आपल्याकडं तोंडावर ‘नाही’ म्हणणं म्हणजे माणूस तोडणं. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. कुठल्याही रस्त्यानं आत शिरा, पाणी मिळेल, चहा मिळेल, ‘गाव कंचं?’ म्हणून विचारतील, तुमच्या गावात त्यांचा एखादा पाहुणा निघेल, आणि शेवटी ऐकू येईल, ‘ठिऊन जावा, पाव्हणं. बघूत की.’ पहिली दोन वर्षं मी या एका शब्दावर पेट्रोल जाळलं. घरी येऊन सांगायचो, आज सात दुकानं झाली, सातही जण बघूत म्हणालेत. बायको विचारायची, म्हणजे किती बाटल्या? एकही नाही.

नंतर लक्षात आलं की शब्दाकडं बघायचंच नसतं. त्याच्या मागेपुढे प्रश्न आहे का ते बघायचं. ‘यात माझं काय सुटतं?’, ‘नाही खपलं तर परत नेणार का?’, ‘उधार किती दिवस?’, ‘किती दिवस टिकतं?’ असं काही विचारून मग बघूत म्हणाला तर तो खरंच बघणार आहे. काहीच न विचारता, बाटलीला हातही न लावता बघूत म्हणाला तर तो नकार आहे, चहा पिऊन उठा.

वेळही बघावी लागते. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर ग्रामीण भागातल्या दुकानात गेलात तर अख्ख्या गावाचा खिसा बी-बियाणं आणि खतात गेलेला असतो. त्या महिन्यातला ‘बघूत’ तुमच्या मालाला नसतो. तोच दुकानदार सोयाबीनचे पैसे हातात आले की दिवाळीच्या आधी स्वतः फोन करतो. दिवाळीच्या आठवड्यात मात्र कुणाकडंच नवा माल घेऊन जाऊ नका. त्याला मान वर करायला फुरसत नसते आणि नकार फुकटचा पदरात पडतो.

आणखी एक. सॅम्पल फुकट ठेवायचं मी बंद केलं. अर्ध्या भावात देतो. ज्याला अर्धेही द्यायचे नाहीत, त्यानं काय सांगायचं ते सांगितलेलंच असतं.

पण कारण कुणी सांगतच नाही. मग ते काढून कसं घ्यायचं?

सगळ्यात महत्त्वाचं हेच, म्हणून इथं जरा थांबतो.

गोलाईतल्या एका जुन्या दुकानात मी करडीच्या तेलाच्या सहा बाटल्या ठेवल्या होत्या. महिन्यानं गेलो तर सहाच्या सहा फळीवर, वर धूळ. दुकानाच्या अप्पांनी एक बाटली उचलली, उजेडाकडं धरली आणि उलटी केली. तळाचा गाळ धुरासारखा वर चढला. ‘हे काय हाय?’ एवढंच विचारलं त्यांनी. मी सुरू झालो: लाकडी घाण्याचं तेल असंच असतं, रिफाइंड नाही, रसायन नाही, आपले आजोबा हेच खायचे. पाच मिनिटं बोललो असेन. अप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, बरोबर हाय तुमचं, बघूत.

बाटल्या गाडीला लावताना दुकानातला पोरगा मदतीला आला. तो सहज बोलून गेला, ‘मालक, गिऱ्हाईक म्हणतंय खाली कचरा हाय.’

अप्पांना माझ्या आजोबांशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांना प्रत्येक गिऱ्हाइकाला गाळ समजावून सांगायचा नव्हता, बस. घरी येऊन टाकी बघितली. घाईत मी दोन दिवसांत तेल भरत होतो. आता सहा दिवस निवळू देतो, टाकीच्या तळापासून चार बोटं वर नळ बसवलाय, खालचं तेल बाटलीत जातच नाही. तरीही थंडीत थोडा गाळ धरतो, म्हणून लेबलवर एक ओळ टाकली. त्याच दुकानात पुढं माल लागला. अप्पांशी या विषयावर मी पुन्हा कधी बोललो नाही.

यातून माझी पद्धत ठरली ती अशी. मालकाला ‘का नाही?’ विचारायचं नाही, तो सभ्यपणानं खोटं बोलतो. त्याला विचारायचं, ‘गिऱ्हाईक हातात घेऊन काय म्हणतं?’ दुसऱ्याच्या तोंडचं वाईट सांगायला माणसाला जड जात नाही. दुकानातल्या पोराशी, हमालाशी, काउंटरवर बसणाऱ्या सुनेशी बोलायचं. आणि कारण सांगणारा बोलत असताना आपल्या मालाची बाजू मांडायची नाही. हे फार अवघड आहे. मला अजून जमत नाही, म्हणून मी अशा वेळी तोंडात सुपारी धरतो.

प्रत्येक नकारातून काहीतरी शिकायचंच का?

नाही. काही नकारांत काहीच नसतं. त्याच्या मेहुण्याचाही घाणा असतो. सकाळी भांडण झालेलं असतं. एकच कारण तीन वेगवेगळ्या तोंडांतून आलं तर विचार करा, एकदा आलं तर लिहून ठेवा आणि जेवायला बसा.

ही नकाराची वही काय प्रकार आहे?

शंभर पानी साधी वही. तारीख, कोण, काय म्हणाला, मी त्यावर काय केलं. बास.

‘काय म्हणाला’ या रकान्यात त्याचेच शब्द लिहायचे, आपले नाहीत. सुरुवातीला मी लिहायचो, ‘भाव जास्त वाटला’. मागची पानं चाळताना एकदा शंका आली म्हणून पुढच्या वेळी जसंच्या तसं लिहिलं. तो म्हणाला होता, ‘यात मला काय सुटतंय?’ भावाची आणि त्याच्या सुटण्याची गोष्ट एक नाही. एका ठिकाणी माल महाग असतो, दुसऱ्या ठिकाणी दुकानदाराचा वाटा लहान असतो. मी चार महिने पहिल्यावर औषध करत होतो आणि दुखणं दुसरंच होतं.

मोबाईलमध्ये लिहिलं तर चालेल का, असं पोरं विचारतात. चालेल. मला वही बरी वाटते, कारण तिला तेलाचे डाग पडतात आणि कुठलं पान सारखं उघडतोय ते कळतं.

सगळे भाव जास्त आहे म्हणतात. कमी करू का?

आधी हिशोब मांडा. घाण्यावर साधारण सव्वातीन किलो करडीला एक किलो तेल पडतं. २०२६-२७ च्या रब्बी विपणन हंगामासाठी करडीचा हमीभाव क्विंटलला ६५४० रुपये जाहीर झालाय. म्हणजे या भावानं एक किलो तेलात नुसत्या दाण्याचेच दोनशे बाराच्या आसपास. त्यातून पेंडीचे येतील ते वजा करा, मग वीज, मजुरी, बाटली, झाकण, लेबल, गाडीभाडं मिळवा. याच्या खाली भाव पाडून कुणी माल मागत असेल तर तो नकारच आहे, होकाराचे कपडे घातलेला. तो स्वीकारला की तेलात मिसळ सुरू होते. मिसळ करणाऱ्यांची नावं आमच्या भागात सगळ्यांना माहीत असतात, गिऱ्हाइकालाही.

दुकानदाराचा विचार त्याच्या बाजूनं करा. कंपनीच्या तेलात त्याला पिशवीमागं दोन-चार रुपये सुटतात, पण पेटी दोन दिवसांत उठते. माझ्या बाटलीत तीस सुटत होते आणि बाटली महिनाभर बसून राहायची. फळीची जागा अडते, हे तो बोलत नाही. मी एक लिटरऐवजी अर्ध्या लिटरच्या बाटल्या दिल्या. भाव तोच, पण गिऱ्हाइकाला एकदम मोठी नोट मोडावी लागेना. वहीत ‘भाव’ हा शब्द त्यानंतर निम्म्यानं कमी झाला.

बँकेनं कर्ज नाकारलं. साहेब म्हणतात, ‘वरून होत नाही.’

पहिला प्रश्न तुम्हालाच: अर्ज दिला होता का? आमच्याकडचे निम्मे ‘नाकारलेले’ अर्ज कधी दिलेलेच नसतात. शाखेत गेलो, टेबलापाशी उभं राहून विचारलं, साहेब म्हणाले सध्या अवघड आहे, आलो परत. याला नकार म्हणत नाहीत. कागदावर अर्ज द्या, तारखेची पोच घ्या. पोच नाही तर नकारही नाही.

पोच असेल तर पुढं बोलता येतं. कर्जाचा अर्ज नाकारला तर त्याची मुख्य कारणं बँकेनं लेखी कळवायची असतात, कर्ज कितीही रकमेचं असो. हे रिझर्व्ह बँकेनं बँकांना घालून दिलेल्या न्याय्य व्यवहाराच्या नियमांत आहे. भांडायला जाऊ नका. साधं पत्र द्या, ‘कारण कळवल्यास त्रुटी दूर करून पुन्हा अर्ज करू इच्छितो.’ या वाक्यावर चिडणारा मॅनेजर मी पाहिलेला नाही. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते. लोकपाल तुम्हाला कर्ज मिळवून देणार नाही एवढं ध्यानात ठेवा. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो, त्यात तो हात घालत नाही.

कारणं बहुतेक दोनच निघतात. एक म्हणजे सिबिल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली यावरून पडणारे गुण. हा आकडा ३०० ते ९०० मध्ये असतो. असा अहवाल देणाऱ्या सिबिलसकट चार कंपन्या आहेत, आणि प्रत्येकीकडून वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट मिळतो. त्यासाठी कुणा एजंटाला पाचशे रुपये देऊ नका. माझ्या अहवालात मेव्हण्याचा ट्रॅक्टर निघाला. मी जामीन होतो, त्याचे हप्ते थकलेले, आणि लग्नकार्यात आम्ही दोघं हसून बोलत होतो. जुनं कर्ज ‘सेटल’ करून मिटवलं असेल तर तेही तसंच दिसत राहतं, पूर्ण फेडलं असं दिसत नाही. चूक असेल तर तक्रार करा. ती तीस दिवसांत सुटली नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची तरतूद २०२४ पासून आहे. आयुष्यात कधीच कर्ज घेतलेलं नसेल तर केवळ तेवढ्यावरून पहिला अर्ज नाकारू नये, असंही बँकांना सांगितलेलं आहे.

दुसरं कारण म्हणजे प्रकल्प अहवाल. माझा पहिला अहवाल एकानं तीन हजारात करून दिला. त्यात घाणा दिवसाला सोळा तास चालत होता. आमच्या गावात वीज किती तास असते हे साहेबांना माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्यांनी विचारलं, महिन्याला किती क्विंटल करडी गाळणार? मी अहवालाची पानं उलटू लागलो. ‘राहू द्या,’ म्हणाले. त्या दिवशी साहेबांचा राग आला होता. आज माझ्याकडं कुणी असा माणूस उसने पैसे मागायला आला तर मीही देणार नाही.

दुसऱ्या वेळी अहवाल मी स्वतः वहीत लिहिला, मग टाइप करून घेतला. आकडाही लहान केला. मुद्रा योजनेत शिशु ५० हजारांपर्यंत, किशोर ५ लाखांपर्यंत आणि तरुण १० लाखांपर्यंत असतं. आधीचं तरुण कर्ज नीट फेडलेल्यांना २० लाखांपर्यंतही मिळू शकतं. पहिल्याच फटक्यात दहा लाख मागणाऱ्याला नाही म्हणणं बँकेला सोपं जातं.

अनुदानाच्या योजनेबद्दल एकच सांगतो. जिल्हा उद्योग केंद्राची शिफारस मिळाली म्हणून पेढे वाटू नका. शेवटचा शब्द बँकेचा असतो.

मोठ्या दुकानाच्या साखळीनं अख्खा माल परत पाठवला. आता?

आमचाही आला होता. पुण्याहून चाळीस पेट्या परत, भाडं आमच्याच माथी. कारण दोन शब्दांचं: ‘लेबल चूक’. फोन करकरून कळलं की आम्ही मापाशेजारी तापमान छापलं होतं. तेलाचं माप लिटरमध्ये लिहिताना कोणतं तापमान ते छापायची सगळ्या कंपन्यांची सवय होती. जास्त तापमानाला तेल फुगतं आणि तेवढ्याच लिटरमध्ये वजन कमी भरतं, म्हणून केंद्राच्या ग्राहक विभागानं २०२२ मध्ये सांगितलं की तापमान काढा आणि लिटरसोबत वजनही लिहा. आम्ही जुनंच लेबल एका मोठ्या कंपनीच्या पिशवीवरून उतरवलं होतं. नक्कल केली तर चुकांचीही होते.

चाळीस पेट्यांची लेबलं घरातल्या सगळ्यांनी मिळून रात्री बसून सोलली. कोमट पाण्याचं फडकं आणि जुना मोजपट्टीचा तुकडा. आईनं त्या रात्री जे ऐकवलं ते वहीत लिहिलेलं नाही.

माल परत येतो तेव्हा कायद्याचं एक कलम माहीत असावं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या कायद्यात आहे की माल पोचल्यापासून पंधरा दिवसांत खरेदीदारानं लेखी हरकत घेतली नाही तर माल स्वीकारला असं धरलं जातं. म्हणजे तीन महिन्यांनी पैसे मागितल्यावर ‘माल खराबच होता’ म्हणणाऱ्याचा नकार उशिराचा आहे. लेखी करार असला तरी पैसे ४५ दिवसांच्या आत द्यायचे असतात, करार नसेल तर १५ दिवसांत. पुढं बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्यासाठी तुमची उद्यम नोंदणी लागते, ती ऑनलाइन फुकट होते. हे उत्पादन किंवा सेवा देणाऱ्या सूक्ष्म-लघु उद्योगांसाठी आहे, नुसता माल इकडून तिकडं विकणाऱ्याला हा आधार नाही. कायदा खिशात असू द्या, पण पहिल्याच फोनवर काढू नका. काढला की ते गिऱ्हाईक गेलं असं समजा.

कारखान्याचं रिजेक्शन आणि दुकानदाराचा नकार एकच का?

अजिबात नाही. उलट कारखान्याचं बरं. माझा एक मित्र वाळूज एमआयडीसीत सीएनसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनवर, बुश हा यंत्राचा सुटा भाग बनवतो. त्याचा लॉट परत आला तेव्हा कागदावर लिहिलेलं होतं: आतलं माप वीस मायक्रॉननं लहान. इतका स्पष्ट नकार मला जन्मात मिळाला नाही.

त्यांच्याकडं टोयोटावाल्यांची ‘पाच वेळा का’ विचारायची पद्धत चालते. माप लहान का? इन्सर्ट, म्हणजे कापायचं पातं, झिजलं होतं. वेळेवर बदललं का नाही? रात्रपाळीच्या ऑपरेटरनं बदललं नाही. का? सुपरवायझरला विचारल्याशिवाय बदलायचं नाही असा नियम. मग विचारलं का नाही? सुपरवायझर रात्री नसतो. इथं मित्र गप्प झाला, कारण खर्च वाचवायला रात्रीचा सुपरवायझर त्यानंच काढला होता. पहिल्या ‘का’वर थांबला असता तर ऑपरेटरचा पगार कापून मोकळा झाला असता.

खरेदी केंद्रावर सोयाबीन नाकारलं. यातून काय शिकायचं?

वाळवायला शिकायचं. केंद्रावर १२ टक्के ओलाव्याची अट असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये ती त्या हंगामापुरती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली होती, दरवर्षी होईल असं धरू नका. मोंढ्यात मात्र कुणी नाकारत नाही. ‘हवा जास्त हाय’, म्हणजे ओल जास्त आहे, म्हणतात आणि भाव पाडतात. तोही नकारच, फक्त तो तुमच्या पट्टीत, म्हणजे विक्रीच्या पावतीत, लिहून येतो.

चटणी विकायला गेलं की दुकानदार म्हणतात, ‘ताई, नवऱ्याला पाठवा.’

हा नकार चटणीला नाही, बाईला आहे. वहीत तो वेगळ्या पानावर लिहा, नाहीतर तुम्ही उगाच तिखट कमी करत बसाल.

औसा तालुक्यातल्या एका बचत गटाच्या ताई कारळाची चटणी करतात. त्यांना हे वाक्य चार ठिकाणी ऐकायला मिळालं. पाचव्या ठिकाणी त्या दुपारी दोनला गेल्या, दुकानदार जेवायला घरी आणि गल्ल्यावर त्याची आई. म्हातारीनं चिमूटभर जिभेवर ठेवली, म्हणाली, कारळ जरा जास्त भाजलंय, पण ठेव दहा पुड्या. नकाराचं कारण आणि ऑर्डर एका दमात. आता त्या सगळीकडं दुपारीच जातात. आणि कुणी नवऱ्याला पाठवा म्हणालाच तर सांगतात, ‘पाठवते की, पण हिशोब मलाच कळतो.’

घरचेच नाही म्हणतात. वर लग्नाची स्थळं ‘मुलगा नोकरीला नाही’ म्हणून परत जातात.

यावर माझ्याकडं इलाज नाही. मोजून तीन स्थळं गेली माझी. चौथीच्या वडिलांचं किराणा दुकान होतं, त्यांनी आधी घाणा बघितला, मग पत्रिका.

व्हॉट्सअॅपवर येतं की अमुकाला हजार नकार मिळाले आणि तो अब्जाधीश झाला. खरं आहे का?

केएफसीच्या चिकनवाल्या म्हाताऱ्याच्या एक हजार नऊ नकारांची गोष्ट मलाही दर दिवाळीला येते. मोजले कुणी, वही कुठाय, असं मी विचारतो. हजार वेळा तोच माल, तेच बोलणं घेऊन फिरणारा माणूस मला थोर वाटत नाही, बहिरा वाटतो.

ज्या गोष्टीत नकाराचे कागद आहेत ती बघा. लोकांच्या घरातल्या खोल्या पाहुण्यांना भाड्यानं मिळवून देणाऱ्या एअरबीएनबी कंपनीच्या ब्रायन चेस्कीनं २००८ मध्ये आलेले नकाराचे ईमेल २०१५ मध्ये जाहीर केले. तेव्हा ते दीड लाख डॉलर मागत होते. सात गुंतवणूकदारांशी ओळख करून दिलेली, पाच जणांनी नाही कळवलं आणि दोघांनी उत्तरच दिलं नाही. म्हणजे अमेरिकेतही ‘बघूत’ असतंच! पाचांतला एक म्हणतो, हा आमच्या कामाचा विषय नाही. दुसरा म्हणतो, एवढा मोठा बाजार दिसत नाही. पहिल्यातून शिकण्यासारखं काही नाही, चुकीच्या दारात गेलो एवढंच. दुसऱ्याला आकडे काढून दाखवता येतात.

जवळचं उदाहरण लक्ष्मणराव किर्लोस्करांचं. त्यांनी १९०३ च्या सुमाराला लोखंडी नांगर बनवला आणि शेतकरी घेईनात. लोखंडानं जमीन नासते, विषारी होते असा समज होता. हा नकार नांगराच्या कामाला नव्हता, भीतीपोटी होता. अशा नकारावर भाव उतरवून उपयोग नसतो, कुणाच्या तरी रानात चालवून दाखवावा लागतो. म्हणून आम्हीही गावजत्रेत स्टॉल लावला की बाटल्या मागे ठेवतो आणि पुढं कढई मांडून भजी तळतो.

एकाच ठिकाणी किती वेळा जायचं? आणि सोडून कधी द्यायचं?

माझा नियम तीनदा, आणि दरवेळी काहीतरी बदलून. बाटली बदलली, माप बदललं, उधारीची मुदत बदलली. काहीच न बदलता जायचं असेल तर ते चहा प्यायला जाणं आहे, त्याला विक्री म्हणू नका.

सोडून दिलेलीही गोष्ट सांगतो. जवसाचं तेल. मला फार जीव होता त्याच्यावर. वहीत अकरा जणांच्या नावापुढं तेच दोन शब्द होते, ‘वास येतो’. काळी बाटली करून बघितली, लहान बाटली केली, थंड जागेत ठेवलं. जवसाचं तेल मुळातच लवकर खवट होतं आणि आमच्याकडच्या मे महिन्यात दुकानाच्या फळीवर ते टिकावं ही माझीच हौस होती. अकराव्या नोंदीनंतर बंद केलं. आता जवसाची चटणी करतो, ती आठवड्याला संपते. लोकांना जवस नको होता असं नाही, पातळ नको होता.

मला स्वतःला कुणाला नाही म्हणता येत नाही. काय करू?

मलाही येत नव्हतं. लेबल छापणारा एक पोरगा गेल्या वर्षी यायचा, अंबाजोगाईहून, एसटीनं. पहिल्यांदा आला तेव्हा नमुने ठेवून घेतले आणि म्हणालो, बघूत. दुसऱ्यांदा आला, चहा पाजला, बघूत. तिसऱ्यांदा तो पावसात भिजून आला होता, पिशवी छातीशी धरलेली, आतले नमुने कोरडे. माझ्या तोंडात तोच शब्द आला होता.

मी त्याचा नमुना घेतला, बाटलीवर चिकटवला आणि तेलाचा हात त्यावरून फिरवला. शाई बोटाला आली. म्हणालो, ‘हे बघ. याच्यामुळं नाही म्हणतोय. भावामुळं नव्हे.’

तो जरा वेळ माझ्या बोटाकडं बघत राहिला. मग खिशातलं पेन काढून बिलबुकाच्या मागं काहीतरी लिहिलं आणि विचारलं, ‘काका, एवढं तेल थोडं देता का बाटलीत? घरी घासून बघतो.’